पवळ्याची डावी कूस

साट्यालोट्यात दिलेल्या पोरीला स्वतःचा मार नसतो. तिला पडतो तो नणंदेच्या वाटणीचा.

माझ्या भावाला, शहादेवला, रामकिसनची बहीण कडूबाई दिली आणि त्याच मांडवात रामकिसनला मी. हुंडा नाही, रुसवेफुगवे नाहीत, एका जेवणावळीत दोन लग्नं उरकली. लोक म्हणाले, बायनाच्या, म्हणजे माझ्या, बापानं शहाणपणा केला. दोन्ही घरं एकाच गावात, मध्ये फक्त एक बोळ. शहादेवनं सकाळी कडूला थोबाडीत दिली की ते दुपारपर्यंत माझ्या सासूच्या कानावर यायचं आणि संध्याकाळी ती लेकाच्या पुढ्यात बसायची. "तिकडं माझी लेक मार खाती आन हितं त्यांची लेक भाकर खाती." मग रामकिसन उठायचा.

तो मारायचा तो खाली मान घालून. मारून झालं की गोठ्यात जाऊन बसायचा, रात्री जेवायचा नाही. मला त्याची कीव यायची नाही, खोटं कशाला सांगू. ज्याला मारायचं नसतं त्याचाही हात लागतोच.

शहादेवचं तसं नव्हतं. तो मन लावून मारायचा. माझा सख्खा भाऊ, पण सांगते, त्या माणसाला माया नावाची जी काही चीज देवानं दिली होती ती सगळी एका बैलावर खर्च झाली होती. पवळ्या त्या बैलाचं नाव. तांबूस रंगाचा, उंच वशिंडाचा, चौसाळ्याच्या बाजारात लोक मुद्दाम थांबून बघायचे. त्याच्या अंगावर गोमाशी बसली तरी शहादेवला सहन व्हायचं नाही. कडूच्या अंगावर वळ उठलेले त्याला दिसायचे नाहीत.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवसापासून त्यानं पवळ्याला चारायला सुरुवात केली. शिजवलेली ज्वारी गूळ घालून देतात, तिला आमच्याकडं ठोंबरा म्हणतात. तो सगळेच देतात, पण ओंजळी-दोन ओंजळी. शहादेवनं पाटीच पुढ्यात ठेवली. सकाळी वर पुरणपोळ्या. कडू परात घेऊन उभी होती, ती म्हणाली, "आवं, बास करा. रातच्यापून रवंथ केला न्हाई त्यानं. दात खातोय."

"वरीसभर माझ्यासाठी मर मर मरतोय," शहादेव म्हणाला. "आज बी मोजून घालू का त्याला?" आणि तिच्या हातातली परात हिसकून तिच्याच तोंडावर हाणली. तिचा ओठ फुटला. अति तिथं माती म्हणतात, पण हे शहादेवला सांगणार कोण? सांगणारीच्या तोंडातून रक्त येत होतं.

बातमी आमच्या घरी आली तेव्हा मी पुरण वाटत होते. सासूनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सणाचा दिस हाय. सांजच्याला बघू." मी वाटत राहिले. दुसरं काय करणार.

दुपार कलल्यावर सगळे बैल वेशीपाशी जमले. शिंगांना हिंगूळ, अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा, वर आंब्याचं तोरण. अंमल निजामाचा असला तरी त्या दिवशी गावात राज्य बैलांचं असायचं. पवळ्या सगळ्यांत पुढं उभा होता, पण त्याचं चिन्ह काही बरं नव्हतं. डावी कूस कण्याच्याही वर फुगून आली होती, झूल एका बाजूला सरकली होती. जीभ बाहेर, तोंडातून लाळेची तार. शहादेवनं कुशीवर थाप मारली तर ढोलकीसारखा आवाज आला. पवळ्यानं मागे वळून स्वतःच्या पोटाकडं बघितलं, पुढचे गुडघे टेकले आणि आडवा झाला.

मग एकच धांदल. कुणी म्हणालं तेल पाजा, कुणी म्हणालं हिंग पाजा. भारत नावाचा शेजारी कुऱ्हाड घेऊन धावला आणि कडुलिंबाची जाड फांदी तोडून आणली. ती पवळ्याच्या तोंडात आडवी बांधली, म्हणजे चघळून ढेकर येईल. ढेकर आली नाही. चारही पाय ताठ होत चालले, डोळे पांढरे झाले.

शहादेव उठला. तो रडत होता. रडता रडताच त्यानं गर्दीत कडूला शोधलं.

"हिनं घातलं," तो म्हणाला. "सकाळी व्हट फुटला म्हून हिनं ठोंबऱ्यात कायतरी कालवलं."

त्यानं तिला केस धरून बैलापाशी ओढलं आणि सणाचा नवा चाबूक तिच्यावर चालवायला सुरुवात केली. त्या चाबकाला लाल गोंडे लावलेले होते, घुंगरू होते. प्रत्येक फटक्याबरोबर घुंगरू वाजत होते. पहिल्या काही फटक्यांना कडू ओरडली, मग नुसतं डोकं हातांत घेऊन पडून राहिली. चोळी पाठीवर फाटली, वळांतून रक्त आलं. सगळं गाव बघत होतं. मोहनराव पाटलांनी पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "घरातली बाब हाय." असं म्हटलं की पाटलाचं काम झालं.

तेवढ्यात सासूनं माझा दंड धरला आणि मला पुढं ढकललं. "रामकिसन, बघतूस काय? ह्याची बहीण तुझ्या घरात न्हाई का?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. कुणीतरी रामकिसनच्या हातात कासरा दिला. मी त्याच्याकडं बघितलं. तो आधी कडूकडं बघत होता, मग बैलाकडं, मग माझ्याकडं. कासरा मुठीला गुंडाळून तो माझ्या दिशेनं आला. मी डोळे मिटले आणि पाठ वळवली. चारचौघांत पाठीवर बरं, तोंडावर नको.

फटका आला नाही. मी डोळे उघडले तेव्हा तो मला ओलांडून गेला होता. कासरा मातीत पडला होता आणि रामकिसन पवळ्याच्या बाजूला गुडघ्यावर बसून कमरेचा सुरा काढत होता.

एका उन्हाळ्यात तो लमाणांच्या तांड्याबरोबर मांजरसुंब्याच्या घाटातून गेला होता. तिथं त्यांच्या ओझं वाहणाऱ्या एका लदाऊ बैलाचं पोट असंच फुगलं आणि त्यांनी कुशीत सुरा घालून वारा सोडला, बैल उठून चालू लागला. हे त्यानं मला कधीतरी सांगितलेलं होतं. गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं डाव्या बाजूची शेवटची बरगडी चाचपली, पुठ्ठ्याचं हाड चाचपलं, दोन्हींच्या मधे जिथं एरवी खळगी असते तिथं टोक टेकवलं आणि दोन्ही हातांनी सुरा मुठीपर्यंत आत घातला.

त्यानं ते बैलासाठी केलं असं लोक म्हणतात. लोकांना काय कळतंय. बैल वाचला तर शहादेवचा चाबूक थांबेल आणि चाबूक थांबला तर त्याला मला मारावं लागणार नाही. त्याला माझ्यावर हात उचलायचा नव्हता. चार वर्षांच्या संसारात हे मला त्या घडीला कळलं, आणि तेव्हा कळून काही उपयोग नव्हता.

त्यानं सुरा जरा आडवा फिरवला तशी फुस्सकन वाफ बाहेर पडली. आंबलेल्या ठोंबऱ्याचा असा काही वास सुटला की बाया नाकाला पदर लावून मागं सरल्या. वाऱ्याबरोबर फेस येत होता, फेसात रक्त होतं.

त्या आवाजानं शहादेव वळला. त्याला दिसलं ते एवढंच: पवळ्याच्या कुशीत सुरा, सुऱ्यावर मेव्हण्याचा हात आणि पोळ्याच्या दिवशी बैलाचं रक्त. भारतची कुऱ्हाड तोरणाच्या खांबाला टेकून ठेवलेली होती. मी "दादा" म्हणून ओरडले असेन, नसेनही. कुऱ्हाड रामकिसनच्या मानेच्या आणि खांद्याच्या मधे बसली. लाकडात बसते तसा आवाज झाला.

रामकिसन पडला नाही. त्याचा उजवा हात लोंबकळला, पण डावा सुऱ्यावरच होता. "दाजी," तो म्हणाला, "सुरा काढू नका. वारा जाऊंद्या."

शहादेवनं कुऱ्हाड पुन्हा वर नेली. रामकिसनचा डावा हात मुठीवरून घसरत होता. तेवढ्यात मातीतून सरपटत कडू पुढं आली आणि तिनं सुरा धरला.

"कुऱ्हाड टाक," ती म्हणाली.

नवऱ्याला तिनं आजवर कधी अरे-तुरे केलं नव्हतं. त्यामुळंच बहुतेक तो थांबला.

"टाक. न्हाईतर उपसते. भोक मिटंल आन घटकाभरात तुझा बैल मरंल."

शहादेवनं पवळ्याकडं बघितलं. कूस खाली बसत चालली होती. पवळ्याचा डोळा जागेवर आला होता आणि त्यानं एक लांब श्वास घेतला. शहादेवनं कुऱ्हाड टाकली.

"आता माझ्या भावाला उचल. चौसाळ्याला हकिमाकडं ने."

कुणीतरी म्हणालं, गाडी जुंपा. लगेच म्हातारी माणसं बोलली, आज पोळा, आज कुणी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. वेशीपाशी गावातले सगळे बैल सजून उभे होते आणि त्यातल्या एकानंही रामकिसनला न्यायचं नव्हतं. अशा माणसांना काय म्हणावं? मी त्यांना रोज शिव्या देते, अजून पुरेशा झाल्या नाहीत.

शहादेवनं रामकिसनला पाठीवर घेतलं. मी मागून पदराचा बोळा जखमेवर दाबत पळत होते. बोळा भिजला, माझा हात कोपरापर्यंत भिजला, शहादेवची पाठ भिजली. ओढ्याच्या अलीकडं रामकिसननं मान माझ्या बाजूला वळवली. "पोट बसलं का त्याचं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "बसलं. उठून उभा राहिला." मला काही माहीत नव्हतं. तो हं म्हणाला, आणि नंतर त्याच्या अंगाचं वजन वेगळं झालं, ते मला दाबलेल्या हाताखाली कळलं.

"दादा, गेला तो," मी म्हटलं. "खाली ठिव."

शहादेव चालत राहिला.

"दादा, त्याला खाली ठिव."

"ती सुरा काढंल," तो म्हणाला.

माझा भाऊ माझ्या नवऱ्याचं प्रेत घेऊन चौसाळ्यापर्यंत गेला ते बैलासाठी. चौकीवरच्या जवानांनी ते त्याच्या पाठीवरून ओढून काढलं तेव्हा कुठं तो बसला. त्याला बीडला नेलं. तो परत यायचा नाही हे त्यालाही समजलं असावं, कारण जाताना त्यानं एकच विचारलं आणि ते माझ्याबद्दल नव्हतं.

रामकिसनला जाळून आल्यावर सासूनं दार लावून घेतलं आणि मुसळ उचललं. मी भिंतीला टेकून बसले होते, हललेही नाही. पहिला घाव मांडीवर बसला, दुसरा पाठीवर. तिचं बरोबर होतं. माझ्या भावानं तिचा लेक मारला होता आणि साट्याच्या हिशोबानं मी अजून जिवंत होते. तिसऱ्या घावाला मला रक्ताची उलटी झाली.

दार लाथेनं उघडलं. कडू आत आली आणि तिनं आईच्या हातातलं मुसळ धरलं.

"माय, आता कुणाच्या बदल्यात मारतीस? तिकडं मारणारा न्हाई राह्यला."

सासू खाली बसली आणि ऊर बडवून घेऊ लागली. कडूनं मला हात देऊन बाहेर आणलं. अंगणात पवळ्या उभा होता. पोट आत गेलेलं, कुशीतल्या भोकात हळदीचा लगदा भरलेला.

"हा तुझा," ती म्हणाली. "माझ्या घरात दुसरं कायच न्हाई तुला द्यायला."

तिनं त्याला आमच्या खुंट्याला बांधलं. पवळ्यानं मान लांब केली आणि माझ्या पदराला नाक लावून हुंगलं. त्याला भूक लागली होती. ज्याच्यापायी एवढं झालं त्याला भूक लागली होती.

मी कासरा उचलला आणि त्याला मारायला लागले. तोंडावर, मानेवर, डोळ्यांवर, जिथं लागेल तिथं. मला आजवर बसलेला प्रत्येक फटका मी त्याला परत दिला. शहादेवपायी बसलेला, सासूचा, आणि रामकिसनचाही. दावणीला गोल फिरत तो नुसता फुरफुरत होता. "मार," कडू म्हणाली. "तुझा हाय." मी कुशीवर मारलं. हळदीचा लगदा उडाला, भोक उघडलं आणि पिवळं पाणी आणि रक्त भळाभळा पायावरून वाहू लागलं. पवळ्याचे मागचे पाय लटपटले.

तेव्हा मला दिसलं की हे भोक रामकिसननं पाडलेलं आहे. माझ्यासाठी त्यानं आयुष्यात केलेलं एवढं एकच काम होतं आणि ते माझ्या हातानं वाया चाललं होतं.

मी कासरा टाकला आणि दोन्ही तळवे त्या भोकावर दाबून धरले. "आत्याबाई, हळद आणा," मी ओरडले. सासू उठली. मुसळाला अडखळत चुलीकडं गेली. रक्त माझ्या बोटांच्या फटींतून येत होतं, आत त्याचं पोट हलत होतं. मी त्या बैलाला त्याच्या आईवरून, बापावरून, सगळ्या खानदानावरून शिव्या देत होते, आणि हात काढत नव्हते.