पंचवीसांतली पहिली कॅसेट

सानिकाच्या कॅसेटवरचं रेकॉर्डिंग तिच्या फोनवर हेडफोन लावून ऐकलं आणि मी विचारलं, "मिक्सरमध्ये खडे घातलेस का गं?"

"आई, इट्स नॉइज. यात सूर नसतो, ताल नसतो. नुसता आवाजाचा लोंढा अंगावर घ्यायचा."

हिला पेटी शिकवायला इथे सौदीत, अल खर्जमध्ये मी बाई शोधून काढली होती. करायला गेले गणपती, झाला मारुती.

अशा फक्त पंचवीस कॅसेट तिने काढल्या. वेष्टनं पत्र्याची, हाताने घासलेली. चोवीस ती राहते तिथे, पुण्यातच हातोहात गेल्या. पहिली तिने बाबांसाठी ठेवली आणि सुट्टीत इकडे येताना घेऊन आली.

बाबा म्हणजे आमचे हेमचंद्रराव. चिपळूणचे. सगळी नोकरी इथल्या डेअरीच्या कॉम्प्रेसर हॉलमध्ये गेली आणि तिथेच कान गेले. मी स्वतः हॉस्पिटलात नर्स, पण यांच्या कानात मशीन काही राहत नाही. फोनवर लेकीला "हो हो, छान" म्हणायचं आणि फोन माझ्याकडे द्यायचा. मग मी ओरडून सांगणार, ती काय म्हणाली ते. एवढी एक गोष्ट तरी बाबांनी माझ्या मध्यस्थीशिवाय ऐकावी, असं सानिकाच्या मनात होतं. उद्या तिचं विमान होतं.

कॅसेट वाजणार फक्त आमच्या जुन्या गाडीत. शुक्रवारची दुपार, क्वार्टर्सच्या मागे गाडी लावली, आवाज पूर्ण सोडला. काचा थरथरायला लागल्या. शेजारचे रफीकभाई धावत आले, "भाभी, इंजन गया क्या?"

हे आपले हसतमुख. "हो हो, छान."

सानिकाचा चेहरा पडला. ती बंद करायला गेली, तर यांनी तिचा हात धरला. सीटखालून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. हॉलमध्ये सगळे तसंच करतात: टोक मशीनला, मूठ कानामागच्या हाडाला, आणि त्या गदारोळात एखादी बेअरिंग कुरकुरते का ते शोधायचं. यांनी टोक दारातल्या स्पीकरला लावलं आणि डोळे मिटले.

हसू गेलं. तोंड उघडं राहिलं. मग यांनी मूठ माझ्या कानामागे धरली. आवाज माझ्या दातांत शिरला, डोक्यात भरला, मी कुठे संपते आणि तो कुठे सुरू होतो ते कळेना. भीती वाटली आणि दूरही होववेना. एवढं अफाट काही माझ्या पोरीने केलं होतं! मी गप्प झाले, आणि मी गप्प होणं ही आमच्या घरात बातमी असते.

यांनी मूठ परत आपल्या कानामागे धरली. "खाली कुणीतरी आहे. ओरडतंय."

माझे कान धड, मला कुणीच ऐकू आलं नव्हतं.

"सानिका आहे," हे म्हणाले.

पोर रडायलाच लागली. स्वतःचा आवाज तिने संथ करून, जाड करून पार तळाशी पुरला होता. पुण्यात एकालाही सापडला नव्हता म्हणे.

"एवढी कशाला ओरडत्येस गं?"

"तुम्हाला ऐकू यावं म्हणून, बाबा."

हे उत्तर यांना ऐकू गेलं नाही. सवयीने ते यांच्या कानात ओरडून सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. हे डोळे मिटून लेकीला ऐकत होते.