चार वाजेपर्यंत

बायकोच्या कॅन्सरबद्दल कुणी विचारलं, की रंगनाथ करंदीकर आजाराच्या आधी डॉक्टरबद्दल सांगत. "उत्कर्षा बघतेय. आपल्या बापूरावांची मुलगी. नारायण पेठेत आमच्या शेजारी वाढली. गणितं अडली की माझ्याकडे यायची." एवढं सांगून झालं की मग लिम्फोमा, सहा केमो ठरल्यात, त्यातल्या चार झाल्या, वगैरे. मंदाकिनीबाईंना कॅन्सर झाला तो झाला, पण तो ओळखीत झाला, याचं त्या माणसाला आत कुठेतरी समाधान होतं.

सेवेचं म्हणाल तर नाव ठेवायला जागा नव्हती. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ अडुसष्टाव्या वर्षी कुकर लावायला शिकला. पाणी उकळून, फळांची सालं काढून, ताटं कढत पाण्यातून काढून. भेटायला आलेल्यांना तो दारातूनच वाटेला लावायचा: "तिच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत. आपल्याला शिंक आली तर जिन्यात द्या." मंदाकिनीबाईंचे केस गळायला लागले तेव्हा उशीवरचे केस ते रोज सकाळी त्यांना दिसायच्या आत उचलत. तोंडात फोड आले तेव्हा पेज गाळून दिली. दिवसातून चारदा ताप मोजायचा आणि वहीत लिहायचा. आज दुधी, उद्या मूग, परवा नाचणी, हे तेच ठरवत आणि तेच जाहीर करत.

पहिल्या केमोच्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरने एक कार्ड दिलं होतं. ताप १००.४ च्या वर गेला तर तासाभरात हॉस्पिटल गाठायचं, आणि खाली चोवीस तास चालणारा फोन नंबर. रंगनाथांनी ते वाचलं आणि परत पुढे केलं. "हे दुसऱ्या कुणाला द्या. आमच्याकडे डॉक्टरांचा स्वतःचा नंबर आहे."

"असू द्या हो काका," सिस्टर म्हणाली. तिने असे पुष्कळ काका पाहिले असणार. ते कार्ड मग फाइलच्या शेवटच्या कप्प्यात गेलं आणि तिथेच राहिलं.

चौथ्या केमोनंतरचा दहावा दिवस. मार्चमधला बुधवार. जेवण झाल्यावर मंदाकिनीबाईंनी पांघरूण मागितलं. वारज्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मार्चच्या दुपारी पंख्याखाली बसवत नाही, आणि ही बाई पांघरूण मागते म्हटल्यावर रंगनाथांनी थर्मामीटर लावला. एक वाजून चाळीस मिनिटं. १००.८. त्यांनी ते वहीत लिहिलं, फोन हातात घेतला, उत्कर्षाचं नाव काढलं आणि थांबले.

पुण्यात दुपारी एक ते चार कुणाला फोन करायचा नसतो, हे लोक विनोदाने सांगतात आणि हसतात. हसोत. रंगनाथ ज्या पेठेत वाढले तिथे तो विनोद नव्हता, ते वळण होतं. त्या वेळात दार वाजवलं तर समोरचा माणूस आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा आणि मग तुमच्याकडे. त्यातून बुधवार म्हणजे उत्कर्षाचा ओपीडी नसलेला दिवस, हे त्यांना पाठ होतं. हेल्पलाइनवर बसलेला माणूस जागं राहायचाच पगार घेतो. त्याला कसली दुपार? दुपार असते ती ओळखीच्या माणसाला. आणि करंदीकरांकडे तर फक्त ओळखच होती, दुसरा नंबर त्यांनी कधी मोबाइलमध्ये घातलाच नव्हता. फाइल समोरच्या कपाटात होती. ती काढावी हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

"मंदा," ते म्हणाले, "उत्कर्षाला फोन करू का गं?"

पांघरुणातून आवाज आला, "आत्ता? अहो, दोन वाजत आले. आज तिचा सुट्टीचा दिवस. पडली असेल बिचारी जरा. चारला करा."

रंगनाथांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, अगदी हायसं वाटलं.

अडीच वाजता १०१.२. कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, घरात होती ती तापाची गोळी दिली. तीन वाजता १०१.९. साडेतीनला मंदाकिनीबाई म्हणाल्या, गॅलरीतले कपडे काढा, सासूबाई ओरडतील. सासूबाई जाऊन बावीस वर्षं झाली होती. मंदाकिनीबाईंचे हात गार पडले होते आणि ओठ सुकले होते. रंगनाथ पट्टी बदलत होते आणि घड्याळाकडे बघत होते. आता चार वाजतीलच, हे त्यांनी मनाशी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी वाजले. तरी त्यांनी पाच मिनिटं जाऊ दिली. ठोक्याला फोन केला तर आपण टपून बसलो होतो असं दिसतं.

उत्कर्षाने पहिल्याच रिंगला उचलला. मागे हॉस्पिटलचा गलका होता. "बोला काका. नाही हो, झोपते कुठली, सकाळपासून वॉर्डातच आहे. ताप? कधीपासून?"

"हे काय," रंगनाथ म्हणाले, "आत्ताच बघितला."

त्यांनी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. आणि एकदा गेल्यावर ते परत घ्यायला जी छाती लागते ती त्यांच्याकडे नव्हती.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत पाच वाजले. रक्तदाब मोजणाऱ्या मुलाने दोनदा पट्टा बांधला, मग धावत जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आला. रक्तात जंतू पसरले होते, आणि त्यांना अडवायला पांढऱ्या पेशी शिल्लक नव्हत्या. आयसीयूत अकरा दिवस गेले. चौथ्या दिवशी मूत्रपिंडांनी काम थांबवलं. खराडीहून लेक वल्लरी लॅपटॉप घेऊन आली आणि आयसीयूबाहेरच्या बाकावरूनच ऑफिस करू लागली. एका ज्युनिअर डॉक्टरने तापाची वही मागितली. "घरी राहिली," असं सांगून रंगनाथ घरी गेले, बुधवारचं पान फाडून काढलं आणि नव्या पानावर लिहिलं: दुपारी ४.००, ताप १०२. तारखांत खाडाखोड केलेले क्लेम परत पाठवण्यात ज्याची छत्तीस वर्षं गेली, त्या माणसाने हे सगळं एकाच शाईत, एका हाताने, स्वच्छ लिहिलं.

मंदाकिनीबाई वाचल्या. मूत्रपिंडं मात्र पुन्हा चालू झाली नाहीत. आता आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, आणि दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून.

महिन्याने उत्कर्षाने तिघांना केबिनमध्ये बसवलं. "काकू, स्पष्टच सांगते. उरलेल्या दोन केमो देता येणार नाहीत. शरीराला झेपणार नाही. हलकं काही देऊन बघू, पण त्याने आजार दाबला जाईल, जाणार नाही." मग तिने रंगनाथांकडे पाहिलं. "पण काकांनी ताप आल्या आल्या फोन केला, म्हणून काकू आज समोर बसल्यात. पेशंटचं माणूस कसं असावं, हे मी काकांचं नाव घेऊन दुसऱ्यांना सांगते."

वल्लरीने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते. रंगनाथांनी मान खाली घातली, आणि ती विनयाने घातली असं दोघींनाही वाटलं. मंदाकिनीबाई हाताला बांधलेलं बँडेज नीट करत राहिल्या.

त्या आठवड्यात वल्लरीने ही गोष्ट सगळ्या नातेवाइकांना सांगितली. फोन येत राहिले. "रंगनाथराव, तुम्ही होतात म्हणून!" ते "छे छे, त्यात काय" म्हणत, आणि प्रत्येक फोननंतर बायकोच्या तोंडाकडे बघत. ती बाटलीत किती पाणी उरलंय ते बघत असायची. तिने भांडावं, चारचौघांत सांगून टाकावं, असंही त्यांना वाटायचं, आणि ती सांगेल या भीतीने जेवण जात नसे.

शेवटी एका सकाळी, डायलिसिसला निघायच्या आधी, त्यांना राहवेना. "तू उत्कर्षाला काही बोलली नाहीस."

"कशाबद्दल?"

"वेळेबद्दल."

मंदाकिनीबाई खुर्चीत बसून पदराला पिन लावत होत्या. "सांगून काय झालं असतं? वल्लरीने तुमचं तोंड पाहिलं नसतं. मग मला आठवड्यातून तीनदा न्यायचं-आणायचं कुणी?"

रंगनाथांनी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण महिनाभर एक वाक्य त्यांनी उराशी धरून ठेवलं होतं, रात्रंदिवस तेवढ्याचाच आधार घेतला होता. ते बाहेर आलंच. "पण मंदा, तूच म्हणालीस ना, चारला करा म्हणून? मी तुला विचारलं होतं."

मंदाकिनीबाईंनी पिन नीट लावली. मग वर पाहिलं.

"विचारलंत. शाळेतली नोकरी सोडायला लावलीत, तेव्हा नाही विचारलंत. पेठेतलं घर देऊन इथे आलो, तेव्हा सह्या करायला बोलावलंत. एका मुलीवर थांबायचं हेसुद्धा मला दवाखान्यात कळलं. चाळीस वर्षांत एकदा, फक्त एकदा मला विचारलंत, आणि ते अंगात एकशे एक ताप असताना. का, तर मी नाही म्हणेन हे तुम्हाला माहीत होतं."

रंगनाथांनी फाइल उचलली. खाली रिक्षा येऊन थांबली होती.