बारावर एक

“पासष्ट!” सगळा वर्ग एकमुखाने उद्गारला.

नरहरी गुरुजींनी डोळे मिटून घेतले. पाच टोपल्या, प्रत्येकीत बारा बांगडे, तर एकूण बांगडे किती, एवढाच प्रश्न होता. मुलांना पाढे मुखोद्गत होते. तरीही उत्तर पासष्ट!

समुद्रकाठच्या त्या एकशिक्षकी शाळेतून शिष्यवृत्तीच्या परीक्षेत आजवर कोणाचेही नाव लागले नव्हते. बोईसरला, तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर आलेल्यांच्या मुलांसाठी नवी शाळा निघाली होती. तेथे प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक आणि भिंतीवर घड्याळ होते. त्या मुलांच्या शेजारी आपली मुले मान वर करून बसावीत, एवढीच गुरुजींची आकांक्षा होती. त्यासाठी ते रविवारी बोईसरला चालत जात आणि तेथील कमलाकांत मास्तरांकडून जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून आणीत. होड्या किनाऱ्याला लागल्या की मुले मासे उतरवायला धावत, म्हणून त्यांनी फळाच वाळूवर नेला होता.

शेजारीच वर्गातल्या नलूची आजी येसूबाई मासे विकत होती.

“औंदा हिचा नाव लागला तर पुढं शिकवीन,” तिने आधीच बजावले होते. “नायतर टोपली हाय न् हिचा डोका हाय.”

नलू मान खाली घालून पाटी पुसत होती.

इतक्यात येसूबाईने गिऱ्हाइकाच्या पिशवीत बारा बांगडे मोजले आणि न विचारताच वर आणखी एक टाकला.

गुरुजी उठून उभे राहिले.

“येसूबाई, हा तेरावा कशाला?”

“ह्यो वरचा! बारावर एक नाय टाकला तर गिऱ्हाईक परत येल काय?”

गुरुजींना हसू आवरेना. बारा म्हटले की या लेकरांच्या मनात आपोआप तेरा बांगडे पडत होते!

“बाळांनो, परीक्षेत वरचा घालायचा नाही. बारा म्हणजे बाराच.”

“मंग परीक्षेतला माणूस रागवल ना, गुरुजी?” नलूने चिंतेने विचारले.

“तो गिऱ्हाईक नव्हे, परीक्षक आहे.”

“असला कंजूस माणूस कुठना आणलाव?” येसूबाई कडाडली. बायका खदखदून हसल्या आणि त्या हास्यात गुरुजींचाही स्वर मिसळला.

परीक्षा पालघरला झाली. नलू बाहेर आली तेव्हा गुरुजी फाटकाशीच तिष्ठत होते.

“घातलास का वरचा?”

“मनात घातला,” ती हळूच म्हणाली. “कागदावर नाय.”

निकालात बोईसरच्या मुलांच्या नावांबरोबर नलूचेही नाव होते. कमलाकांत मास्तर ते सांगण्यासाठी सायकल दामटीत स्वतः आले. “गुरुजी, पुढच्या वर्षी आमची मुले गणिताला तुमच्या वाळूवर पाठवू का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा गुरुजींनी त्यांना आधी पाणी दिले आणि मग होकार दिला.

जूनमध्ये नलू बोईसरच्या शाळेत जाऊ लागली. पहिल्याच दिवशी येसूबाई गुरुजींच्या शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. गुरुजी मासे खात नसत, हे ध्यानी ठेवून तिने वाणगावच्या वाडीतून चिकू आणले होते. गुरुजींनी उपरणे पसरले. तिने मोठ्याने मोजत बारा चिकू त्यात घातले आणि तेरावा हातात धरून थांबली.

“आता परीक्षा नाय ना?”

“नाही, येसूबाई.”

“मंग टाकू?”

“टाका.”

तिने तो अलगद वर ठेवला आणि टोपली उचलून ती समाधानाने निघून गेली.

वर्गात नवी मुले गलका करीत होती. खिडकीजवळच्या तरटावरची नलूची जागा मात्र अजून कोणी घेतली नव्हती. गुरुजींनी बारा चिकू मुलांत वाटले आणि तेरावा त्या जागेवर ठेवून पाढ्यांना प्रारंभ केला.