सतरा नंबरचा रोहू

जगाचा इतिहास आता दोन भागांत लिहावा लागेल, एक मासा धरण चढला त्याच्या आधीचा आणि दुसरा त्याच्या नंतरचा, असं भैयाजी हेडाऊंनी तांडापेठेतल्या पानठेल्यावर जाहीर केलं. ठेल्यावर कोणी मानसुद्धा वर केली नाही. इतिहासाचे असेच दोन भाग भैयाजींनी घरात मिक्सर आला तेव्हा केले होते. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावरून पहिल्यांदा उतरले (खरं तर उतरवले गेले) तेव्हा पुन्हा दोन केले. त्यामुळे इतिहासाचे एकूण तुकडे किती झाले, हे मोहल्ल्यानं मोजायचंच सोडून दिलं होतं.

"मासा चढला?" पानवाले रामाजी कात लावता लावता म्हणाले. "शिडीनं का गा?"

"तेच तर कोणाले समजून नाही राहिलं! माह्या पोरीलेही नाही समजून राहिलं. आन् ती त्याच्यातच पीएचडी करून राहिली!"

पोरगी म्हणजे रोशनी. हेडाऊंच्या घरात पाच पिढ्या लुगडी विणण्यात गेल्या. स्वतः भैयाजी चाळीस वर्षं हातमागावर बसले, आणि सहाव्या पिढीनं एकाएकी मासे हातात घेतले. आई सुभद्राबाईंना ते पटलं नव्हतं. "लुगड्याले वास तरी येत नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

पारशिवनीच्या पुढे एक लहानसं वीजधरण आहे. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तिथल्या पाटीवरचंही पुसलं गेलंय. वरून पाणी पडतं, खाली चाक फिरतं, वीज होते. ही योजना माशांना कोणी समजावून सांगितलेली नसते, त्यामुळे ते सरळ चाकाकडे जातात. म्हणून धरणाच्या कडेनं, चाकाला वळसा घालून जाणारा एक नागमोडी पाट खास माशांसाठी बांधला होता. प्रश्न एवढाच होता, की त्या पाटातून मासे जातात का? गढूळ पाण्यात दिसत काही नाही आणि मासा विचारूनही सांगत नाही. म्हणून रोशनीनं ऐकायचं ठरवलं.

तिनं वीस रोहू धरले. प्रत्येकाच्या पोटात खारकेच्या बीएवढं एक यंत्र ठेवलं, वरून टाके घातले आणि रोहू धरणाच्या वर, तळ्यात सोडून दिले. प्रत्येक यंत्राची टिकटिक वेगळी. मग पाण्यात दोन माइक सोडले, एक वर तळ्यात, दुसरा खाली, पाटाच्या तोंडाशी. टिकटिक वरच्या माइकला आली तर मासा वर, खालच्याला आली तर खाली. पाटाच्या मधोमध तिसराही माइक हवा होता, पण तो मंजुरीत होता. मंजुरीतल्या माइकला ऐकू येत नाही, एवढं विज्ञान सगळ्यांनाच समजतं.

शुक्रवारी समिती येणार होती. पाटातून मासे जातात हे दिसलं तर पाटाचं दार उघडं राहणार. नाहीतर ते कायमचं बंद, आणि त्याच्याबरोबर रोशनीची तीन वर्षंही. धरणावरचे अभियंता दुर्गेशसाहेब त्या दाराला कुलूप लावायला उत्सुक होते. पाटातून वाहून जाणारं पाणी त्यांना आपल्याच घरच्या टाकीतून गळाल्यासारखं वाटे.

तीन आठवडे ऐकून निष्कर्ष असा निघाला, की एकोणीस रोहू तळ्यात निवांत बसले आहेत. आणि सतरा नंबरचा रोहू रोज सकाळी सातला तळ्यात असतो, दहाला धरणाखाली असतो आणि संध्याकाळी पाचला पुन्हा तळ्यात असतो. धरण चाळीस फूट उंच. पाटानं चढायचं तर माशाला अर्धा दिवस लागावा. हा एकदा चाळीस मिनिटांत वर पोचला होता. मंगळवारी मात्र तो वर नसे, खाली नसे, कुठंच नसे.

रोशनीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या मार्गदर्शक सरांनी आधी सगळे आकडे लिहून घेतले. मग म्हणाले, "निबंधात माझं नाव आधी टाक."

दुर्गेशसाहेबांना तर आनंद मावेना. "म्याडम, तुमचा मासा बिना पाटानंच चढून राहिला. आठवडी सुटी घेऊन राहिला. मंग त्याले पाट कायले पाह्यजे?"

रोशनीला जेवण जात नव्हतं. तिच्या वडलांना मात्र भलतंच जात होतं, कारण मोहल्ल्यातल्या मंडळानं शनिवारच्या सत्काराचा फ्लेक्स छापून आणला होता. त्यावर 'धरण चढणाऱ्या माशाच्या शोधाबद्दल हार्दिक अभिनंदन' असं होतं, रोशनीचा छोटा फोटो होता, भैयाजींचा मोठा होता आणि मधोमध डॉल्फिन होता. फ्लेक्सवाल्याकडे रोहू नव्हता.

गुरुवारी सकाळी भैयाजी डबा घेऊन पहिल्या एसटीनं धरणावर पोचले. पोरीला धीर द्यायचा हे एक कारण. मासा प्रत्यक्ष ऐकायचा हे खरं कारण.

पाटाच्या कडेला पत्र्याची खोली होती. रोशनीनं त्यांच्या कानाला हेडफोन लावले. "मूळ आवाज माणसाला ऐकू येत नाही, बाबा. मशीन तो उतरवून देतं. हा बघा, कालचा सतरा नंबर."

भैयाजींच्या कानांबद्दल घरात दोन मतं होती. सुभद्राबाई दळण आणायला सांगत तेव्हा ते कान ठार बहिरे असत. पण बारा माग एकदम चालू असताना कुठल्या मागावर धागा तुटला, हे भैयाजी पाठमोरे बसून सांगत. किनार काढायच्या दोऱ्यांना खाली शिशाची वजनं लोंबतात. त्यातलं एक गळून पडलं तरी त्यांची मान आपोआप वळे.

त्यांनी डोळे मिटले. टिक, टिक-टिक, टिक. मग शांतता. थोड्या वेळानं पुन्हा टिक, टिक-टिक, टिक. मग पुन्हा शांतता.

भैयाजींची मान वळली.

"पुन्हा लाव."

रोशनीनं पुन्हा लावलं. त्यांनी आणखी दोनदा ऐकलं. मग हेडफोन काढले, चहा मागितला आणि खिडकीबाहेर बघत अगदी सावकाश प्यायला लागले. त्यांना डॉल्फिन आठवत होता. आपला मोठा फोटोही आठवत होता. गप्प राहिलं तर उद्या समितीपुढे पोरगी चमत्कार सांगेल, साहेब पाट बंद करेल, तरी शनिवारी हार मात्र पडेल. चहा संपेपर्यंत भैयाजी शोधकर्तीचे वडील होते. बशीतला शेवटचा घोटही त्यांनी दोनदा करून घेतला.

मग ते म्हणाले, "रोशनी, मासा तर पाण्यातच असते न वं?"

"हो."

"मंग तो पाण्यात पडते काहून?"

"म्हणजे?"

"टिकटिक सुरू व्हायच्या आधी दर खेपेस छर्र असा आवाज येते. शिसं हाय ते. एकटं नाही, पन्नास-साठ दाणे, गोल पडून राहिले. मंग टिकटिक. मंग शिसं दगडावर घासत जाते आन् सगळं बंद." त्यांनी कप खाली ठेवला. "तुहा मासा पोहत नाही पोरी. त्याले कोणीतरी फेकून राहिलं."

रोशनीनं घड्याळ बघितलं. दहा वाजायला पाच मिनिटं होती. पुढच्या क्षणी ती दाराबाहेर होती. तिच्यामागे एक चप्पल हातात, एक पायात असे भैयाजी धावत होते.

पाटाच्या तोंडाशी, माइकपासून वीस पावलांवर, साठीतली एक बाई कंबरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिनं कमरेतून एक गिरकी घेतली, जाळं हवेत गोल उघडलं आणि छर्र करून पाण्यावर पडलं.

"टिक, टिक-टिक, टिक," भैयाजी तोंडानं म्हणाले.

बाईचं नाव जनाबाई. तिनं जाळं ओढून काठावर टाकलं. जाळ्याच्या घेराला शिशाचे मणी होते, आणि दोन मण्यांच्या मधे, पक्क्या गाठीनं बांधलेला, सतरा नंबर होता.

"आजी, हे कुठून आणलं?" रोशनीनं विचारलं.

"रोहूच्या पोटातून. माहा एक मणी गळला होता, त्याच्या जागी बसवला. वजनाले बरोब्बर हाय." जनाबाईनं तिला नीट न्याहाळलं. "त्याच्या पोटाले टाके होते, माय. म्या म्हटलं, बिचाऱ्याचं ऑपरेशन झालं दिसते."

"मग?"

"मंग काय, रस्सा केला. टाके मात्र सुबक होते."

विणकराच्या पोरीला यावर आभार मानावेत की रडावं ते कळेना. मागून भैयाजी मात्र हळूच म्हणाले, "आमच्या घरचेच हायेत."

"तुम्ही रोज सातला तळ्यात, दहाला इथं, पाचला पुन्हा तळ्यात?"

"हो. पायऱ्यायनं जातो. चाळीस मिनिटं लागते. पयले वीस लागे."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी बाजार असते न! मासोळी इकायले तू जाशील काय?"

भैयाजींना हसू आवरेना. ते काठावरच बसले आणि गुडघ्यांत तोंड घालून हलायला लागले. पण रोशनी हसत नव्हती. तिला एक वेगळीच गोष्ट सुचली होती.

"आजी, तो टाकेवाला रोहू सापडला कुठं? तळ्यात?"

"नाही वं. तळ्यात रोहू चलाख असते. या पाटात धरला, त्या शेवटच्या वळणावर. पाटात रोजच भेटते. पाणी वाढलं का वरून मासोळी धार धरून येते. साहेबानं पाट बांधला, देव भलं करो त्याचं, तवापासून माहा धंदा बसल्या जागी झाला."

रोशनीनं जनाबाईचे दोन्ही हात धरले आणि तिला काठावरच गरागरा फिरवलं. मग खिशातली कात्री काढून जाळ्यावरचा सतरा नंबर कापून घेतला. पुरावा म्हणून तो तिला हवाच होता.

रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला. शुक्रवारी पाटाला चांगलं पाणी होतं, आणि समितीला बिस्किटं. पाच सदस्य मांडवात बसले. रोशनीनं सगळं जसं घडलं तसं सांगितलं. चमत्कार नाही, जाळं आहे, हे ती म्हणाली तेव्हा फोनवर ऐकत असलेल्या तिच्या सरांनी, निबंधात आपलं नाव शेवटी टाकलं तरी चालेल, असं कळवलं.

दुर्गेशसाहेब उभे राहिले. "म्हणजे साहेब, मासा नाही, जाळं चढत होतं. ऐकीव गोष्टीवर एवढं पाणी वाया घालवायचं का? ह्या आजी म्हणतात पाटात मासे असतात. पुरावा काय?"

"पुरावा?" जनाबाई मागून म्हणाली. ती लुगडं खोचून निघालीच होती. समिती बिस्किटं हातात धरून तिच्यामागे गेली.

शेवटच्या वळणावर तिनं गिरकी घेतली. जाळं किंचित तिरकं पडलं, तिनं तोंड वाकडं केलं, पण ओढलं तेव्हा त्यात अकरा मासे तडफडत होते. सदस्य दोन पावलं मागे सरकले. भैयाजी दोन पावलं पुढे झाले, कारण त्यांना काहीतरी दिसलं होतं.

"रोशनी! टाके!"

तिनं तो रोहू उलटा केला. पोटावर तिच्याच हाताचे, मुंग्यांच्या ओळीसारखे टाके. बादलीत पाणी ओतलं, रोहू सोडला, माइक बुडवला. टिक-टिक, टिक, टिक-टिक.

"नऊ नंबर," ती म्हणाली. "काल संध्याकाळी सहापर्यंत हा वर तळ्यात होता. हे रेकॉर्ड. आता तो इथं, पाटात आहे. स्वतःच्या पायांनी... म्हणजे, स्वतःच आला आहे."

अध्यक्षांनी हेडफोन लावले. बराच वेळ ऐकलं. सत्तरीकडे झुकलेले ते गृहस्थ एकाएकी लहान पोरासारखे हसले आणि बाकीच्या चौघांनाही ऐकायला लावलं. चौथ्या सदस्यानं तर दोनदा मागितले. भैयाजींनी पाचव्याला टिकटिक कशी मोजायची ते शिकवलं. दुर्गेशसाहेबांनीही शेवटी हेडफोन लावले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, त्यांच्या मनाविरुद्ध, काहीतरी उजळलं.

"जाऊ द्या," ते म्हणाले, "थोडं पाणी गेलं तर गेलं."

दार उघडं ठेवायचं, तिसऱ्या माइकला आजच मंजुरी द्यायची आणि जनाबाईंनी यापुढे पाटात जाळं टाकायचं नाही, तळ्यात खुशाल टाकावं, असं तिथंच ठरलं. अकराही मासे पाटाखाली सोडले. भैयाजींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळे वाजवू लागले.

अध्यक्षांना भरून आलं होतं. ते जनाबाईपुढे हात जोडून म्हणाले, "आजी, ज्या नदीची वाट आम्ही बांधकामानं अडवली, ती आज तुमच्या साक्षीनं मोकळी राहिली. येणाऱ्या पिढ्यांचे मासे तुमचे ऋणी राहतील. तुम्हाला काय हवं ते मागा. शासन पाठीशी आहे."

जनाबाईनं मांडवाकडे बघितलं, समितीकडे बघितलं, मग रोशनीच्या खिशाकडे बोट केलं.

"माह्या जाळ्याचा मणी त्या पोरीनं काल काढून घेतला जी. जाळं एका अंगानं हलकं पडून राहिलं. तेवढा वापस देता काय?"