चपलांपाशीचा बाक

“ती लाल पट्टीची जोडी भिंतीकडं सरकव, साईप्रिया. जयराणी टीचरची आहे. बाहेर आल्या की शोधत बसतील.”

“मावशी, तू चपलांवरनं माणसं ओळखतेस?”

“तोंडं आत असतात गे. माझ्या वाट्याला पायताणंच येतात.”

एस्तर भवानी हसली खरी, पण तिची बोटं पदराचं टोक पिळत होती, सोडत होती, पुन्हा पिळत होती. आज कापणीचा सण. ख्रिस्ती देवळाचं मोठं दार सताड उघडं, आत झेंडूच्या माळा, बाहेर व्हरांड्यात चपलांचा डोंगर. त्या डोंगराच्या शेजारी लाकडी बाक, आणि त्या बाकावर नेहमीप्रमाणं ती.

एस्तर हे वडिलांकडचं नाव, भवानी आईकडचं. वडील तमिळ ख्रिस्ती, आई तंजावुरातल्याच जुन्या मराठी घरातली. त्यामुळं एस्तर भवानी देवाशी तमिळमध्ये बोलायची आणि शेजारी राहणाऱ्या भाचीवर मराठीत रागवायची. जुन्या बस स्टँडामागं तिचं साड्यांना फॉल लावायचं, पिको करायचं इवलंसं दुकान. दिवसभर मशीन, रविवारी हा बाक. एवढंच तिचं आयुष्य, असं कुणीही सांगितलं असतं. तिनंसुद्धा.

लहानपणी पोलिओनं डावा पाय लुळा केला. तेव्हापासून पायाला कॅलिपर. लोखंडी पट्ट्या थेट बुटाच्या टाचेत ठोकलेल्या. बूट काढला की पट्ट्या निघाल्या, पट्ट्या निघाल्या की एस्तर भवानी जमिनीवर. आणि तंजावुरात देवळात, कुठल्याही देवाच्या, पायताण घालून कोण जातं? ती शाळकरी असताना दारातल्या एका म्हातारीनं म्हटलं होतं, “बाळा, बूट बाहेर.” आईनं तिला बाकावर बसवलं. ती बसली ती बसलीच. प्रभुभोजनाची भाकर सगळ्यांचं झाल्यावर कुणीतरी बाहेर आणून द्यायचं. पुढं लोक म्हणू लागले, एस्तर अक्काला मोकळा वारा लागतो, तिला तिथंच आवडतं. कुणी विचारलं तर तीही म्हणायची, हो, वारा बरा वाटतो.

असंच चाललं असतं. पण महिन्यापूर्वी नवे पास्टर आले, जेबराज ऐया. तरुण माणूस. येणंजाणं मागच्या दारानं, त्यामुळं व्हरांड्यातलं त्यांनी काही पाहिलेलं नाही. बुधवारी बायकोची साडी घेऊन ते दुकानात आले. एस्तर भवानी मशीनमागं बसून एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला लग्नपत्रिका मोठ्यानं वाचून दाखवत होती. ऐया ऐकत उभे राहिले. मंडळीच्या यादीतलं तिचं नाव त्यांना ठाऊक होतं.

“इतका स्वच्छ आवाज आणि तुम्ही देवळात कधी बायबलचा शास्त्रपाठ वाचला नाही? रविवारी तुम्हीच वाचायचं.”

“आमां, ऐया,” तिच्या तोंडून निघून गेलं. हो म्हणून बसली. मशीनच्या टेबलाखालचा बूट त्यांना दिसलाच नव्हता.

ते गेल्यावर ती तशीच बसून राहिली. तिला वाचायचं होतं. हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं, आणि कळल्यावर भीतीच वाटली. बुधवारपासून ती रोज ठरवत होती की फोन करून नाही म्हणायचं. केला नाही. आता आत तिचं नाव पुकारतील, सगळ्या माना वळतील, आणि ती बाकाला धरून बसलेली असेल.

“मावशी, तू घामानं भिजलीस.”

“ऊन आहे.”

“सावलीत?”

या पोरीला उपासनेनंतरच्या जेवणाची आणि अर्पणातल्या फणसाच्या लिलावाची हौस म्हणून आणलं, तर ती डोळ्यांत बोट घालायला बसली होती.

तेवढ्यात देवळाची राखण करणारे देवसगायम अण्णा हातगाडी ढकलत आले. वर भाताची पोती, केळीचे घड, एक भलाथोरला फणस. त्यांनी उंबऱ्यावर फळी टाकली आणि गाडी सरळ आत नेली, थेट वेदीपर्यंत. धुतलेल्या फरशीवर चिखलाच्या दोन लांब रेघा उमटल्या. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पोती उतरवून अण्णा रिकामी गाडी घेऊन बाहेर आले, तर साईप्रिया समोर उभी.

“अण्णा, चाकं काढली नाहीत?”

“चाकं काढून गाडी ढकलू कशी, पोरी? डोक्यावर घेऊ?”

“मग माझी मावशी बूट काढून चालणार कशी?”

“साईप्रिया, गप्प बैस,” एस्तर भवानी मराठीत म्हणाली. पण बोलणं बाहेर पडलं होतं.

देवसगायम अण्णांनी चाकांकडं पाहिलं. मग बुटाकडं. रोज दिसणारी वस्तू माणूस बघतच नाही, तसा तो बूट त्यांनी आजवर बघितला नव्हता.

“अक्का, तुम्ही वाऱ्यासाठी बसता ना इथं?”

होच म्हणणार होती ती. सवयीचं होतं. पण आत पेटी वाजू लागली, वाचनाआधीचं गाणं सुरू झालं, आणि तिच्या तोंडून निराळंच आलं.

“आत पंखे आहेत की, अण्णा. वारा कशास? मला बूट बाहेर सांगितलं होतं.”

“कुणी?”

“तुमच्या आईनं.”

अण्णा खांद्यावरच्या टॉवेलनं मान पुसत म्हणाले, “तिला साधा बूट वाटला असेल. आणि आम्हाला वाटलं, तुम्हालाच नको आहे.” ते नळापाशी गेले, गोणपाट भिजवून आणलं आणि तिच्या पायाशी टाकलं. “पुसून घ्या. चाकंसुद्धा पुसायला हवी होती. आता मलाच फरशी धुवावी लागणार.”

तिनं बूट पुसला. टाच, तळ, पट्ट्यांच्या फटी. नवीन भांडं घासावं तसा. आतून नाव आलं, “सहोदरी एस्तर भवानी.”

फळी अजून उंबऱ्यावरच होती.

मधल्या वाटेवरून ती चालली. ठक्, मग एक घसटणारा आवाज, पुन्हा ठक्. माना वळल्या. जेबराज ऐयांनी बूट पाहिला, मग आपल्या समोरच्या पायऱ्या पाहिल्या, ज्यांना धरायला कठडा नव्हता. त्यांनी वाचनाचा स्टँड उचलला, पायऱ्या उतरून आले आणि तो फरशीवर ठेवला, चिखलाच्या त्या दोन रेघांच्या मधोमध.

“इथून सगळ्यांना ऐकू येईल,” ते म्हणाले.

आवाज पहिल्या ओळीत थोडा कापला. दुसऱ्या ओळीत नाही. पेरणीचा आणि कापणीचा पाठ होता. पान उलटताना तिनं वर पाहिलं, आणि वर्षानुवर्षं जोड्यांनी ओळखलेली माणसं तिला एकदम तोंडांनी दिसली. करकर वाजणारे काळे सँडल म्हणजे हे टकलू वकील. अंगठा तुटलेली रबरी चप्पल म्हणजे ही एवढी देखणी पोरगी. सगळे अनवाणी, आणि सगळे तिच्याकडं बघत होते. मागं दाराशी साईप्रिया दोन्ही हात तोंडावर धरून उभी. खांद्यावरचं काहीतरी जड उतरून ठेवल्यासारखं एस्तर भवानीला मोकळं वाटलं. ती पुढं वाचत राहिली, घाई न करता. पाठ संपल्यावर जयराणी टीचरनी सरकून आपल्या आतल्या बाकावर जागा केली, पंख्याखाली.

उपासना सुटली आणि व्हरांड्यात गोंधळ उडाला. पोरांनी डोंगर तुडवला होता. एकाच्या पायात दोन वेगळ्या चपला, एकीचा सँडल पायऱ्यांखाली, वकील एका पायावर नाचत होते. चपलांपाशीच्या बाकावर कुणीतरी लिलावातला फणस ठेवला होता.

“एस्तर,” जयराणी टीचर वाकून शोधत म्हणाल्या, “माझी लाल पट्टीची जोडी कुठं गं गेली?”

“मला काय ठाऊक, टीचर,” एस्तर भवानी म्हणाली. “मी आत होते.”