लाकडी रुळांवरची गाडी

खाजणवाडीच्या सुरूच्या बनात त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मालवणहून रिक्षा भरभरून माणसं येत होती. मधल्या मोकळ्या वाळूवर लाकडी रुळांचं मोठं वर्तुळ मांडलं होतं आणि त्यावरून हातभर लांबीचं हिरवं इंजिन चार डबे ओढत, शिटी फुंकत फिरत होतं. ना वायर, ना चावी, ना धूर. एका बाजूला हिरवं निशाण म्हणजे ‘होय’, समोर लाल म्हणजे ‘नाही’. भक्ताने प्रश्न विचारायचा, गाडीने दोन-तीन फेऱ्या मारायच्या आणि ज्या निशाणापाशी ती थांबेल ते उत्तर.

“पितळी रूळ नाहीत! वायर नाही! बटण नाही!” रूळनाथ महाराज गरजत होते. भगव्या लुंगीवर स्टेशनमास्तरचा काळा कोट आणि डोक्यावर पांढरी टोपी असा त्यांचा थाट होता. उजवा हात सदा गोमुखीत. जप करताना माळ दिसू नये म्हणून हातावर चढवतात ती पिशवी म्हणजे गोमुखी. “विज्ञान इथे हात जोडतं, माऊली! ही गाडी आत्म्याच्या लहरींवर चालते. अमेरिकेतले शास्त्रज्ञ येऊन गेले, डोकं धरून परत गेले!”

अमेरिकेतले शास्त्रज्ञ खाजणवाडीत कधी आले आणि कुठे जेवले, हे कोणी विचारलं नाही. माणसं भारावली होती. वायर नसलेल्या गाडीला बघून डोळे विस्फारलेले ते लोक वायर नसलेला मोबाईल उंच धरून तिचा व्हिडिओ काढत होते, आणि यात काही गमतीचं आहे असं त्यातल्या एकालाही वाटत नव्हतं.

गर्दीच्या कडेला सत्यवतीबाई उभ्या होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी इथल्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. ही गाडी त्या चांगली ओळखत होत्या. ती त्यांच्या शेजारच्या लिनोची. लिनो तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा. त्याने ती परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून आणली आणि अंगणात पितळी रूळ टाकून वाडीतल्या पोरांना दाखवली. घरातल्या विजेच्या पेटीतून करंट रुळांत, रुळांतून चाकांत, चाकांतून मोटारीत. पण समुद्राची खारी हवा पितळेला सोडते होय? रूळ काळे पडले, करंट पोहोचेना, गाडी अडखळू लागली आणि शेवटी बसलीच. लिनोही चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्या बायकोने, डेल्सीने, गाडी खोक्यासकट भंगारवाल्याला दिली. लिनोची जुनी पत्रं खोक्याच्या तळाशी राहिली होती, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

आणि आता तीच गाडी रूळनाथांबरोबर परत आली होती. इंजिन चालवतोय तो म्हणे लिनोचा आत्मा.

डेल्सी रुळांपाशी खुर्चीवर बसली होती. डाव्या पायाला पांढरी पट्टी. साखरेच्या आजाराने पायाचं एक बोट काळं पडलं होतं. मालवणच्या डॉक्टर सारिकाने स्पष्ट सांगितलं होतं, “सोमवारी बोट काढूया. उशीर केलात तर पाऊल जाईल.”

“लिनो,” डेल्सीने कापऱ्या आवाजात विचारलं, “माझा बोट कापूचा काय रे?”

गाडी निघाली. एक फेरी, दुसरी फेरी. लाल निशाणापाशी येऊन थांबली आणि लांब शिटी झाली. गर्दीतून हुंकार उठला.

“नाही म्हणतोय लिनो!” महाराज म्हणाले. “माझ्या बायकोच्या अंगाला सुरी लावू नका म्हणतोय! सुई बंद, गोळ्या बंद. नऊ दिवस अंगाऱ्याचं पाणी!”

संध्याकाळी सत्यवतीबाई डेल्सीच्या पडवीत जाऊन बसल्या. तिथे लवूही होता. लवू मच्छीमार, स्वतःची होडी असलेला, बाईंचा जुना विद्यार्थी आणि सध्या महाराजांचा उजवा हात.

“डेल्सी, सोमवारी रिक्षा सांगतंय मी. सकाळी आठाक.”

“मी जावचंय नाय गो.” डेल्सीने मान हलवली. “तेणी माका बोटीवरसून पत्रात ‘डेला’ म्हणान लिवलेला. ता नाव ह्या महाराजाक कसा कळला? लिनो सांगल्याशिवाय?”

“पत्रा खंय आसत ती?”

“असतली खंयतरी पेटयेत.”

लवू पुढे सरसावला. “बाई, राग मानू नकात. पण तुमीच शिकवलास ना? पितळेतसून करंट जाता, लाकडातसून जाणा नाय. लिनोकाकाच्या रुळार तुमी लाकडाची पट्टी ठेवलास आणि गाडी थांबली. सातवीत होतंय मी. आता सगळेच रूळ लाकडाचे, तरी गाडी चलता. ह्येका काय म्हणतास?”

बाईंना तो तास आठवला. धडा खरा होता. पोराने तो वीस वर्षं लक्षात ठेवला होता. आणि त्याच धड्याचा दगड करून तो आज त्यांच्याच पायावर टाकत होता. भोंदू माणसाला अडाणी भक्त लागतो असं आपण समजतो. छे! त्याला अर्धं शिकलेला भक्त जास्त आवडतो. त्याची निम्मी वकिली तोच करतो.

रविवारी सकाळी बाईंच्या अंगणात नेहमीची बावीस मुलं जमली. सुट्टीच्या दिवशी बाई त्यांना छोटे-मोठे प्रयोग करून दाखवत. आज पाटीवर एकही अक्षर नव्हतं. बाईंनी त्यांना लवूचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला आणि उत्तर त्यांच्यावर सोडलं. मुलांना विचार करायला वेळ द्यायची त्यांची सवय जुनी.

पाचवीतली सँड्रीना डोकं खाजवत म्हणाली, “पण बाई, करंट खालसून येणा नाय तर मगे खंयसून येता?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं शिकवून, काल संध्याकाळी स्वतःला विचारायचा राहून गेलेला प्रश्न हाच होता.

“तूच सांग. खंयसून येयत?”

“वरसून नाय. वायर नाय. मगे गाडयेतच आसतलो!”

“शाबास. काल तुमच्यातले कितीजण थंय होते? काय काय बघितलात?”

मुलांनी पाहिलेलं ऐकून बाई थक्क झाल्या. मोठ्यांनी चमत्कार पाहिला होता, पोरांनी गाडी पाहिली होती. एक म्हणाला, पाऊण तास झाला की महाराज ‘लिनोची विश्रांती’ म्हणून गाडी बनामागच्या आपल्या खोलीत नेतात. दुसरी म्हणाली, सगळी गाडी नाही, इंजिन आणि त्याला जोडलेला प्रसादाचा डबा तेवढा नेतात, बाकीचे तीन डबे बाहेरच असतात. सँड्रीना म्हणाली, “आणि तेंचो तो पिशयेतलो हात भायर येणाच नाय. नाकार माशी बसली तरी डाव्या हातान हाकलल्यानी!”

दुपारी चार वाजता बावीस मुलांची रांग सुरूच्या बनात दाखल झाली. महाराजांच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंच होतं: ‘बालगोपाळांचे प्रश्न लिनोबाबांना प्रिय.’

“प्रत्येकाचे तीन प्रश्न आहेत, महाराज,” बाई नम्रपणे म्हणाल्या.

गर्दी कौतुकाने हसली. महाराजांनाही हसावं लागलं.

“उद्या शाळेक सुट्टी आसा?” गाडी हिरव्यापाशी थांबली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

“आमच्या मांजरीक पिल्ला झाली?” होय. “पण आमचो तो बोको आसा!” गर्दीत खसखस पिकली.

“माझ्या मुठीत शिंपलो आसा?” होय. पोराने मूठ उघडली. रिकामी.

“निष्पाप जीवांशी लिनोबाबा थट्टा करतात,” महाराज घाम पुसत म्हणाले. डाव्या हाताने.

पाऊण तास झाला. “आता लिनोबाबांची विश्रांती...”

“अजून अकरा बालगोपाळ उरले आहेत,” बाई म्हणाल्या. “की ते आता प्रिय नाहीत?”

“होऊ दे, होऊ दे!” गर्दीतून आवाज आले. फुकटचा खेळ कोणाला नको असतो?

चौदाव्या मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाला इंजिनाचा दिवा मंद झाला. शिटीचा आवाज घसा बसलेल्या कोंबड्यासारखा निघाला. गाडी रांगत रांगत पुढे सरकली आणि दोन्ही निशाणांच्या बरोबर मधोमध थांबली.

“दमले लिनोबाबा!” महाराज धावले आणि इंजिन व प्रसादाचा डबा उचलू लागले.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “दमला तो लिनो, आणि लिनो इंजिनात. मग डबा कशाला नेता? डबा राहू दे. एकटं इंजिन आत न्या, विश्रांती देऊन परत आणा आणि चालवून दाखवा.”

“डब्यात प्रसाद आहे, बाई! तुम्हाला अध्यात्म कळत नाही!”

“लवू,” बाई वळल्या, “तो डबो वायच उचल बघूया.”

लवूने महाराजांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि डबा उचलला. आयुष्यभर मासळीची टोपली हातात घेऊनच वजन सांगणारा माणूस तो. त्याचा चेहरा बदलला. “बाई, नारळ एकच आसा. पण वजन तीन नारळांचा.”

त्याने नारळ काढला. खालची फळी नखाने उचकटली. आत काळी बॅटरी, सर्किटची हिरवी पट्टी आणि एक बारीक वायर, जी डब्यातून जोडाखालून थेट इंजिनात शिरली होती.

मग सँड्रीना म्हणाली, “पण बाई, खंय थांबायचा ता गाडीक कोण सांगता?”

“लवू, तू समुद्रात असताना घरी निरोप कसो देतस?”

“वायरलेसान.” लवूने उत्तर दिलं आणि त्याचं वाक्य संपायच्या आत त्याची नजर गोमुखीवर गेली. “मेल्या! हात भायर काढ!”

“जप मोडला तर वंश बुडेल!” महाराज ओरडले.

“कोणाचो? बुडांदे!”

तेवढ्यात डेल्सी खुर्चीवरून उठली. दुखऱ्या पायाने वाळूतून चालत ती महाराजांसमोर उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. “ता माका दी. लिनोची गाडी आसा ती.”

लवू मागे उभा होताच. गोमुखी उलटी झाली. एकही मणी पडला नाही. पडला तो दोन खटके आणि एक गोल चकती असलेला रिमोट. महाराजांच्या खोलीत दुसरी बॅटरी चार्जिंगला लावलेली सापडली, आणि लिनोच्या पत्रांचं पुडकंही. रूळनाथ महाराज म्हणजे खरा बांद्याचा जितेंद्र, आणि आत्म्याच्या लहरी त्यानेच जुळवल्या होत्या. लग्नाच्या शूटिंगचे ड्रोन दुरुस्त करणारा हा हुशार कारागीर. भंगारात मिळालेल्या इंजिनाच्या चाकांच्या तारा त्याने कापल्या, बॅटरी डब्यात बसवली, रेडिओ जोडला. अशा गाड्या जगभर हौशी लोक उघडपणे बनवतात आणि मुलांना शिकवतात. याने ती कला गोमुखीत लपवली. आणि लिनोची बायकोच डॉक्टरकडे गेली तर आपला दरबार उठेल, म्हणून तिच्या पायाशी खेळला.

बाईंनी ती दुसरी बॅटरी जोडली. “लवू, मी तुका अर्धोच धडो शिकवलंय रे. लाकडातसून करंट जाणा नाय ह्या खरा. तरी गाडी चलली तर हात जोडायचे नसतत, डबो उघडायचो असता.”

डेल्सीने रिमोट हातात घेतला. चकती फिरवली. गाडी हलली. तिने ती लाल निशाणापाशी थांबवली, मग परत चालवली, मग हिरव्यापाशी थांबवली. दोनदा, तीनदा. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसतही होती.

“लिनो,” ती म्हणाली, “माझा बोट कापूचा काय?” आणि तिने स्वतःच्या अंगठ्याने गाडी हिरव्यापाशी नेली. “बघलास? माझो अंगठो म्हणता ताच लिनो म्हणता. सत्यवती, रिक्षा सांग गो. आठाक नको, साताक सांग.”

सोमवारी बोट गेलं. पाऊल वाचलं. जितेंद्रविरुद्ध तक्रार देताना पहिली सही लवूने केली. डेल्सी काही आठवड्यांनी काठी टेकत बाजारात गेली तेव्हा एका बाईने तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “गाडी तुझ्याकडेच आसा मां? माझ्या सुनेच्या पोटदुखीचा एक विचारूचा होता.”

“सुनेक पोटात दुखता तर डॉक्टरणीक दाखव,” डेल्सी म्हणाली. “गाडी मुकी आसा.”

वाचकहो, तुमच्या गावात उद्या गाडी येणार नाही. मूर्ती येईल, ताईत येईल, मंतरलेलं पाणी येईल. जो कोणी तुमची गोळी बंद करायला सांगेल, त्याला एवढंच सांगा की हात पिशवीतून बाहेर काढ आणि डबा उघडून दाखव. जे खरं असेल ते उघडल्याने बाटत नाही. आणि जो उघडू देत नाही, त्याच्या पाया पडू नका. घरच्या आजारी माणसाला उचला आणि डॉक्टरकडे न्या.