चिटीचं गाऱ्हाणं

सुलोचनाबाईंच्या आईने रंगीत चिटीचे, म्हणजे फुलाफुलांच्या छापील सुती कापडाचे, तुकडे जोडून एक पलंगपोस शिवला होता. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात गोव्याला घटकराज्य मिळालं, तेव्हा पेडण्याजवळच्या त्यांच्या गावाने शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं. पलंगपोसाला मधली भिंत मिळाली. तो बघायला शहाऐंशी वर्षांची आई तेरेखोलहून फेरीबोटीने निघणार होती. सगळं सुरळीत होतं. फक्त खालच्या माहितीच्या कार्डावर 'चीट' या शब्दाबद्दल दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या.

"चीट म्हणजे आपली मराठी छीट," निवृत्त हेडमास्तर नारायणराव म्हणाले. "मूळ संस्कृत चित्र. विषय संपला."

मास्तरांनी विषय संपवला की गावात तो सुरू होतो.

"मास्तर, माझी आवय चीट म्हणता ती कोंकणीतच," पंचायतीतले गुरुदास म्हणाले. "पोर्तुगीज शिता म्हणायचे, ते काय पुण्याला जाऊन शिकले?"

"अरे, तो शब्द त्यांनी आपल्याकडून उचलला! हिंदीत छींट, डचांनी सित्स केलं, इंग्रजाने चिंट्झ. सगळ्यांनी इथूनच नेलं."

"नेलं कोणाच्या बंदरातून? गोंयच्या!"

मराठी की कोंकणी या राजभाषेच्या आंदोलनापासून दोघे एकमेकांच्या घरचा चहा पीत नव्हते. प्रदर्शन समितीच्या अध्यक्षांनी शांततेचा मार्ग काढला: वादातली वस्तू भिंतीवर नको. पलंगपोस घडी होऊन सुलोचनाबाईंच्या हातात आला.

बाई चाळीस वर्षं शाळेत शिवण शिकवत होत्या. कापड ओढून बसत नसेल तर आतून एक टाका घालावा, हे त्यांना ठाऊक होतं. त्या नारळ घेऊन सरळ सगुणदादांकडे गेल्या. गावचं कुठलंही कार्य दादांनी देवाला घातलेल्या गाऱ्हाण्याशिवाय सुरू होत नसे.

"गाऱ्हाण्यात कापड घालूचा?" दादांनी नारळ कानाशी हलवून पाहिला. "घालूया. देवाक काय, सगळा चलता."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दारात दादांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां हंय जमली हत."

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"ही चीट संस्कृतातसून इली, मराठीत रवली."

"व्हय म्हाराजा!" मास्तरांचा आवाज सर्वांत मोठा.

"कोंकणी आवयच्या पेटयेत वाढली, पोर्तुगिजांच्या, डचांच्या, इंग्रजांच्या आंगावर गेली."

"व्हय म्हाराजा!" सवयीने म्हणून झाल्यावर मास्तरांनी जीभ चावली. मराठीच्या ओळीला गुरुदासांनीही चावली होती.

"ती सगळ्यांची, म्हणान मधल्या भिंतीर लागांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आता देवासमोर दिलेला होकार परत कोण घेणार? गुरुदास मुकाट्याने खुर्चीवर चढले, मास्तरांनी खिळे दिले. पलंगपोस लागला. अध्यक्षांनी आपण आधीपासून हेच म्हणत होतो असं जाहीर केलं.

दहाच्या सुमारास सुलोचनाबाईंची आई आली. छत्री टेकवून तिने भिंतीकडे बराच वेळ पाहिलं.

"कोणी लावला हो?" आईने विचारलं.

"आम्ही दोघांनी," मास्तर आणि गुरुदास एकदमच पुढे झाले.

"उरफाटा लावलात, पुतांनो. ही आतली, शिवणीची बाजू."

दोघे पुन्हा खुर्चीवर चढले. सुलोचनाबाई हसू लपवत खाली खुर्ची धरून उभ्या राहिल्या.